‘लागतंय की!’ : पाडव्याआधी आवरलेलं लातूरचं एक घर

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारी २०२५ ला, लातूरच्या एका घरातल्या सुनेचा फोन आला. "मॅडम, पाडव्याला घर धुऊन काढायचंय, पण धुवायला भिंतच दिसंना झालीय."

पाडवा ३० मार्चला होता, म्हणजे हातात महिना होता. मी परभणीला गृहविज्ञान शिकले, पुढे कॉलेजात शिकवलं, आणि आता ओळखीपाळखीच्या घरांत आवराआवरीला हात लावते. पैसे घेत नाही. निघताना कुणी कुरडया बांधून दिल्या तर नाही म्हणत नाही. अशी बरीच घरं झाली, पण हेच घर सविस्तर लिहितेय, कारण इथे मी दोनदा चुकले. नावं देत नाही. सासूबाईंना सगळी गल्ली आत्या म्हणते, मीही तेच लिहिते.

घर आणि माणसं

लातूरला गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर चाळीसेक वर्षांपूर्वीचं स्लॅबचं घर. तीन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी, पुढे हौद. दोन खोल्यांना आणि स्वयंपाकघराला भिंतभर माळा. आत्या बहात्तर वर्षांच्या, मुलगा एका दुकानात हिशेबनीस, सून घरी शिवणकाम करते, नात दहावीला, नातू सातवीत. औसा तालुक्यात चार एकर शेत आहे, ते बटईने दिलंय. म्हणजे घर शहरात असलं तरी ज्वारी, तूर, हरभरा पोत्यानेच येतो.

अडचण पसाऱ्याइतकीच वेळेचीही होती. होळी झाली की कुरडया-खारोड्यांचं काम निघतं, त्याला गच्ची आणि मोठी भांडी मोकळी लागतात. त्याच सुमाराला शेतातून नवी ज्वारी येते, तिला जागा लागते. नातीची परीक्षा १७ मार्चला संपणार होती, तोवर तिच्या कोपऱ्याला हात लावायचा नव्हता. आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, अमावास्या होती. "अमुशाला घरातलं काय बी भाईर जाऊ देणार न्हाई," असं आत्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. मी वहीत शेवटची तारीख २८ मार्च लिहिली. असल्या गोष्टींवर वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. बाईला अमावास्या पाळायची असेल तर वेळापत्रक अमावास्या धरून करायचं.

पहिला डाव फसला

सुरुवात मी पुस्तकी नियमाने केली. वर्षभरात वापरलं नाही ते बाहेर. माजघरातल्या मोठ्या ट्रंकेतून वाकळा काढल्या. चौदा होत्या, त्यातल्या पाच फाटलेल्या. मी त्या बाजूला ठेवल्या आणि पाठोपाठ माळ्यावरच्या तीन मोठ्या पातेल्यांकडे बोट दाखवलं. "ही कधी काढली होती?"

"येळवशीला," सून म्हणाली.

वेळ अमावास्या आमच्याकडे, लातूर-धाराशिवकडे, मार्गशीर्षात येते. भज्जी, आंबील, उंडे करून सगळा गोतावळा शेतात जेवायला जातो. म्हणजे ती पातेली वर्षातून एक दिवस चुलीवर चढतात.

"एकदाच ना?" मी म्हटलं.

आत्या दारात उभ्या होत्या. "वर्षातून एकदाच येतोय म्हणून पाडवाबी टाकून देता का बाई?"

मला उत्तर सुचलं नाही. त्या आत गेल्या आणि मी बाजूला काढलेल्या पाचही वाकळा उचलून परत ट्रंकेत घातल्या. पुढचे दोन दिवस त्यांनी मला चहा दिला, पण बोलल्या नाहीत. सून मधल्यामध्ये अवघडली. तिने एक फाटकी वाकळ सासूच्या पाठीमागे घंटागाडीत टाकली होती, ते आत्यांना कळलं. त्या वाकळेत त्यांच्या आईचं इरकली लुगडं होतं. ते काही परत मिळालं नाही.

ही पहिली चूक. "हे लागतं का?" हा प्रश्नच मी चुकीचा विचारत होते. त्याला या घरात एकच उत्तर होतं : "लागतंय की!" आणि ते खोटंही नव्हतं. दुसऱ्या कुठल्या तरी प्रश्नाने सुरुवात करायला हवी होती. तो मला हौदापाशी सापडला.

हौदातली काठी

घरात निळे ड्रम नऊ होते. दोनशे-दोनशे लिटरचे. तीन न्हाणीत, दोन जिन्याखाली, दोन गच्चीवर, दोन चक्क नातवाच्या पलंगाशेजारी. त्याखेरीज घागरी, कळश्या आणि रंगाच्या रिकाम्या बादल्या होत्या, त्या मी मोजल्या नाहीत.

हे ड्रम कधीचे ते लातूरकराला सांगावं लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. आत्या तेव्हा टँकरच्या रांगेत चक्कर येऊन पडल्या होत्या. त्यानंतर घरात आलेला एकही ड्रम बाहेर गेला नाही. पाऊस झाला तरी नाही. अशा बाईला "ड्रम कमी करा" म्हणणं म्हणजे तिची भीती खोटी पाडणं.

म्हणून मी विचारलं, "आत्या, किती पाणी लागतं आपल्याला?"

कुणालाच माहीत नव्हतं. मग नातवाला कामाला लावलं. हौद पाच फूट बाय चार फूट, खोली सव्वापाच फूट. त्यात काठी सोडायची आणि रोज सकाळी वरची टाकी भरून झाली की हौदातलं पाणी किती उतरलं ते खडूने मारायचं. पाच दिवस त्याने हे इमानाने केलं. रोज साधारण एक वीत पाणी उतरत होतं. धुणीभांडी धरून दिवसाला सव्वाचारशे लिटरच्या आसपास. हिशेबाला आम्ही चारशे वीस धरले.

नळ त्यांच्या गल्लीत आठ दिवसांनी येतो. आठ दिवसांचे तीन हजार तीनशे साठ. हौदात जवळपास तीन हजार आणि वरच्या टाकीत एक हजार मावतं, म्हणजे ड्रमला हात न लावता आठवडा निघतो. नळ तीन दिवस लांबला तर चार हजार सहाशे वीस लागतील. तीन ड्रम भरलेले असले की अकरा दिवस निभतात.

हा हिशेब नातवाने वहीच्या पानावर मांडला आणि आत्यांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा ऐकला. मग म्हणाल्या, "तीन ठिवा. बाकीचे शेतावर धाडा, गड्याला हुतील."

तिथून पुढे घरभर हाच प्रश्न फिरला. ठेवायचं की टाकायचं हा वाद मी सोडून दिला. कशासाठी ठेवलंय ते आत्यांनी सांगायचं, किती पुरेल ते सगळ्यांनी मिळून मोजायचं.

ड्रमची एक गोष्ट मात्र मी हिशेबात मिसळू दिली नाही. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्या अंड्याचा डास होतो. पलंगाशेजारच्या ड्रमवर झाकणाऐवजी पत्र्याचा तुकडा होता. तो उचलून बॅटरीचा उजेड टाकला तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. आत्यांनी चष्मा लावून बघितलं आणि काही न बोलता नातवाचा हात धरून त्याला मागे ओढलं. ठेवलेले ड्रम आठवड्यातून एकदा रिकामे करून, आतून घासून, कोरडे करून मगच भरायचे, हे तिथल्या तिथे ठरलं.

माळा

माळ्याला कुणी हात लावू देत नव्हतं, कारण तिथली प्रत्येक वस्तू कुणाची तरी होती. वजनदार सामान नेमकं त्या खोलीच्या माळ्यावर, जिथे दोन्ही मुलं झोपतात. येळवशीची पातेली, पितळी घंगाळ, जातं, लोखंडी ट्रंक, जुन्या शिलाई मशीनचं डोकं.

मला बोलायचं नव्हतं, पण विचारलं, "आत्या, किल्लारीच्या वेळी तुम्ही कुठं होता?"

त्या गावी होत्या. किल्लारीचा भूकंप : ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. गावातली घरं दगडमातीची, वर मातीचं जड माळवद. आत्यांची एक चुलत जाऊ आणि तिची दोन लेकरं गेली. "मानसं भुईनं न्हाई मेली, घरानं मेली," असं त्या अजून म्हणतात. त्यांनी वर माळ्याकडे बघितलं. मी आणखी काही बोलले नाही. संध्याकाळी मुलगा कामावरून आला तेव्हा जातं आणि ट्रंक खाली उतरलेली होती. शेजारच्या दोन पोरांना बोलावून आत्यांनीच ती उतरवून घेतली.

पातेल्यांचा प्रश्न ‘किती’ने सुटला. येळवशीला शेतात माणसं किती येतात? आता चाळीस-पन्नास, पूर्वी शंभराच्या वर. एक पातेलं आंबिलीचं, एक भज्जीचं. तिसरं दीराच्या घरी गेलं, कारण त्यांच्याकडे भाड्याने आणत होते. जातं गेलं नाही. ते देवघराशेजारी जमिनीवर आलं, लग्नाच्या हळदीला लागतं म्हणून.

माळ्याच्या अगदी कोपऱ्यात, तुरीच्या जुन्या पोत्यामागे, ॲल्युमिनियमची एक बंद नळी सापडली. सुनेने ती हातात घेऊन हलवली. आत गोळ्या खुळखुळल्या. लेबल अर्धं उडालेलं, पण ‘फॉस्फाइड’ एवढं वाचता आलं. धान्याला लावायच्या गोळ्या. सासरे गेले त्याला सहा वर्षं झाली, म्हणजे त्याआधीच्या.

इथे मी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. ॲल्युमिनियम फॉस्फाइडला ओल लागली की फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. बंद घरात तो माणसं मारतो. या गोळ्या घरात वापरायच्याच नाहीत, तरी खेडोपाडी त्या पोत्याबरोबर घरात येतात. आणि आम्ही तर पाडव्यासाठी माळे बादलीने धुणार होतो! समजा पसारा न हलवता, वरच्यावर पाणी मारून घेतलं असतं? आवरणं आधी आणि धुणं नंतर, हा क्रम मी नीटनेटकेपणासाठी सांगत आले होते. त्या दिवसापासून वेगळ्या कारणासाठी सांगते. नळी उघडली नाही, ओल्या कचऱ्यात किंवा घंटागाडीत टाकली नाही. कोरड्या डब्यात घालून घराबाहेर, मुलांचा हात पोचणार नाही अशा बंद जागी ठेवली. दोन दिवसांनी मुलाने कृषी खात्यातल्या माणसाला विचारून ती त्याच्या स्वाधीन केली.

धान्याचं काम त्यामानाने सोपं गेलं. जुन्या ज्वारीचं अर्धं पोतं सोंड्यांनी भरलं होतं, ते कोंबड्यांना गेलं. जुनं किडलेलं धान्य शेजारी ठेवून नवं भरलं की दोन महिन्यांत नव्यालाही सोंडे लागतात, हे आत्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. फक्त पोतं उचलायला कुणी नव्हतं. कोठ्या उन्हात पालथ्या घातल्या, बारदाना उकळत्या पाण्यातून काढून वाळवला, फळ्या टाकून भिंतीपासून वीतभर सोडून मांडणी केली. नवी ज्वारी दाताखाली कट्‌कन वाजेपर्यंत वाळली की मगच कोठीत.

आहेराचं कपाट

आता मजेची गोष्ट. गोदरेजचं एक अख्खं कपाट आहेराचं होतं. ब्लाऊजपीस त्र्याहत्तर, टॉवेल अडतीस, टोप्या चव्वेचाळीस, शाली अकरा, घडी न मोडलेल्या साड्या सव्वीस. मराठवाड्यात पाहुणा टॉवेल-टोपीशिवाय जात नाही, आणि तो टॉवेल कुणी अंग पुसायला काढतही नाही. तो पुढच्या पाहुण्याला जातो. माझा एक पांढरा टॉवेल मला सात वर्षांनी परत आला होता, पिशवीवरच्या दुकानाच्या शिक्क्यावरून ओळखला.

आत्यांनी बोटांवर हिशेब केला. येत्या लगीनसराईत दोन घरची लग्नं, एक वास्तुशांत, एक जावळ. शिवाय "फुडल्या साली धोंडा हाय." खरंच होतं. मागचा अधिक महिना २०२३ च्या श्रावणात झाला, पुढचा २०२६ च्या ज्येष्ठात, १७ मेपासून. जावई एक, लेक एक. त्यांच्यासाठी दोन साड्या, तांब्याचं ताट आणि निरांजन वेगळं काढून वरच्या फळीवर गेलं.

तिथेच सुनेने तोंड उघडलं. तीन वर्षांपूर्वी तिच्या भावाने दिलेली साडी फिरत फिरत त्याच्याच बायकोला आहेर म्हणून गेली होती. भावजयीने ती काठावरच्या डागावरून ओळखली आणि दोन दिवाळ्या बोलणं बंद होतं. मग सुनेने शिवणाची कात्री घेतली, कागदाचे बारीक तुकडे केले, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव लिहिलं आणि टाचणीने घडीत लावलं. सव्वीस साड्यांना अर्धा दिवस गेला. आत्या एकेक साडी हातात घेऊन सांगत होत्या, ही उदगीरच्या मावशीची, ही अहमदपूरच्या वन्सांची, ही कुणाची ते आठवंना, हिच्यावर ‘देवाची’ लिही.

टोप्या गावच्या हरिनाम सप्ताहाला गेल्या. चाळीस ब्लाऊजपीस सुनेने पिशव्या शिवायला घेतले. वापरलेल्या बावीस साड्या जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईला दिल्या, आणि बदल्यात स्टीलचे दोन डबे आणि एक परात घरात आली. मी कपाळाला हात लावला. आत्या खूश होत्या. काही ठिकाणी हरायला हरकत नसते.

रद्दीची पिशवी

दुसरी चूक सगळी माझी. १७ मार्चला परीक्षा संपली आणि १८ ला आम्ही कागदांना बसलो. लातूरला दहावीच्या पोरीकडे सराव परीक्षांचे जे गठ्ठे साचतात ते बघितल्याशिवाय खरे वाटत नाहीत. शिवाय वीजबिलं, लग्नपत्रिका, सातबाराचे पंचवीस वर्षांपूर्वीचे उतारे. डिजिटल सहीचा सातबारा आता केव्हाही काढता येतो, त्यामुळे जुन्या उताऱ्यांच्या झेरॉक्सचा ढीग हलका करता आला. मूळ खरेदीखत, वारसाचा फेरफार, जातीचा दाखला, मार्कमेमो हे एका फाइलीत. हात वेगात चालत होते. देवघराखालच्या पत्र्याच्या पेटीत एक पिवळा पडलेला, चार घड्यांचा कागद होता, हाताने लिहिलेला, उर्दूत. मला उर्दू येत नाही. मी तो गठ्ठ्यात सरकवला. दुपारी रद्दीवाला बासष्ट किलो घेऊन गेला.

संध्याकाळी आत्यांनी पेटी उघडली.

१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, इथल्या जुन्या घरांत असे उर्दू आणि मोडीतले कागद असतातच. वर्षानुवर्षं त्यांना कुणी विचारत नव्हतं. पण २०२३ मध्ये सरकारने निजामकाळच्या कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली आणि तेव्हापासून इथे जुन्या कागदाला सोन्याचा भाव आलाय. मुलगा पांढराफटक पडला. "मॅडम, त्यात नोंद असली म्हणजे?"

रात्री आठला आम्ही तिघं रद्दीच्या दुकानात, मोबाइलच्या उजेडात गठ्ठे सोडत होतो. दुकानदाराने स्वतः खाली बसून मदत केली, आणि पाऊण तासाने भूगोलाच्या दोन सराव पत्रिकांच्या मध्ये तो कागद निघाला. गल्लीतच एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात. आम्ही चपला न काढता त्यांच्या ओसरीवर उभे. त्यांनी कागद दिव्याखाली धरला, एकदा मनात वाचला आणि हसले. "बैलजोडीची पावती आहे. किंमत हाली रुपयांत लिहिलीय."

हाली म्हणजे निजामाच्या राज्यातलं चलन. नोंद नव्हती, जमीन नव्हती. आत्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मामंजींची जोडी. एकाचं नाव राजा हुतं." पावती आता खरेदीखताच्याच फाइलीत आहे. मी नियम केला : जो कागद घरात कुणालाच वाचता येत नाही, तो रद्दीत जाणार नाही, वाचणारा सापडेपर्यंत.

पाडव्यापर्यंत

स्वयंपाकघर दोन दिवसांत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सासऱ्यांचं कपाट आम्ही उघडलं नाही. आत्या म्हणाल्या, "ते राहू दे," आणि ते राहिलं. २८ तारखेला शेवटचं सामान शेतावरच्या टेम्पोत चढलं, अमावास्येला सगळ्यांनी विश्रांती घेतली, आणि खरी धुलाई २६ आणि २७ लाच उरकली होती. हौदात पाणी बघूनच, एका खोलीला चार बादल्या, त्याच पाण्याने पुढे अंगण. पाडव्याला गुढीवर जो तांब्या पालथा घातला तो माळ्यावरच्या ट्रंकेत निघालेला होता, चिंचेने घासलेला.

एप्रिलअखेर सुनेचा पुन्हा फोन आला. जलवाहिनी फुटली होती, नळ बाराव्या दिवशी आला. आमचा हिशेब अकरा दिवसांचा. शेवटच्या दिवशी शेजारून आठ घागरी आणाव्या लागल्या.

"आत्या काय म्हणाल्या?" मी भीत भीत विचारलं.

"काही नाही. सकाळीच शेतावरून एक ड्रम माघारी मागवला त्यांनी. न्हाणीत ठेवलाय. वर खडूने लिहून घेतलंय पोराकडून : चौथा, रविवारी रिकामा करणे."